कसं दुखते ते सांगा, बाई

माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्सरे फार सुंदर आहे. हे मी म्हणत नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर म्हणाले, हिंगणघाटच्या एका डॉक्टरांनीही तोच शब्द वापरला, आणि मुलाने पुण्यात ज्यांना फोनवर फोटो दाखवला त्यांनी तर ‘एकदम टेक्स्टबुक’ असं लिहून पाठवलं. धातू जागच्या जागी, कोन बरोबर, हाडाला घट्ट. पावणेदोन वर्षं मी तो एक्सरे पिशवीत घालून फिरले, आणि पावणेदोन वर्षं त्या सुंदर गुडघ्यावर रात्री चादर ठेवता येत नव्हती.

गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात. खेड्यात टोंगया. शाळेत मी मुलांना ‘गुडघा’ लिहायला शिकवलं आणि घरी येऊन टोंगळा चोळत बसले, अशी चौतीस वर्षं गेली. हिंगणघाट तालुक्यात वणा नदीच्या अलीकडे आमचं गाव, सहा एकर शेत, कापूस आणि तूर. सुरुवातीची शाळा पाच किलोमीटरवर होती. पावसाळ्यात काळ्या मातीतून चालायचं म्हणजे चपला हातात आणि प्रत्येक पायाला किलो-किलो चिखल. सुटीच्या दिवशी शेतात निंदण, कापूस वेचणी, उकिडवं बसून भांडी. टोंगळे कशाने गेले असं विचारलं की डॉक्टर सांगायचे: वय, वजन, बाईचा जन्म, घराणं. माझ्या आईचेही गेले होते. ती शेवटची सहा वर्षं घरातल्या घरात बुडावर सरकत होती.

ते मला नको होतं, म्हणून मी ऑपरेशनला तयार झाले. त्याआधी जे सगळे करतात ते सगळं झालं. रुईची पानं गरम करून बांधली, लसणाचं तेल लावलं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांनी आधी पित्त वाढलं, मग रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला, तेव्हा डॉक्टरांनी त्या बंद केल्या. पैशाचं गणित ह्यांनी मांडलं होतं. माझ्या मावसबहिणीने २०१५ साली गुडघे बदलले तेव्हा नुसत्या सांध्याचेच एका पायाला दीड लाख लागले होते. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने किमतीला वेसण घातली. जास्त वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक कर, याच्या वर नाही, असं ठरलं. मी २०१८ला निवृत्त झाले, मग कोरोना आला, आणि डिसेंबर २०२१मध्ये नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात माझा उजवा गुडघा बदलला.

गावात सगळे ‘वाटी बदलली’ म्हणतात. माझी वाटी माझीच आहे. बदललं ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं. त्यांना धातूच्या टोप्या बसवल्या, मधे प्लॅस्टिकची चकती ठेवली. हे मी शंभर जणांना समजावलं, तरी माझं ऑपरेशन वाटीचंच राहिलं.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तेराव्या दिवशी टाके काढले. गुडघा वाकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पण ते दुखणं सगळ्यांनाच असतं हे माहीत होतं. जुनी हाडावर हाड घासल्याची करकर तर पहिल्या दिवसापासून गेली. मार्चमध्ये गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकला, मी काठीवर आले. डॉक्टर खूश, फिजिओ खूश.

दुसरं दुखणं कधी आलं ते मला नेमकं सांगता येत नाही. होळीच्या सुमारास असावं. दिवसा कामात कळायचं नाही. रात्री अंग टेकलं की गुडघ्याच्या आतल्या बाजूला जळायला लागायचं, आणि मधेच काहीतरी नडगीवरून सरसर खाली जायचं. परकराचा काठ लागला तरी नको व्हायचं. एप्रिल-मेमध्ये कुलर पायावर आला की जळजळ वाढायची, कुलर बंद केला की घामाने जीव जायचा. मग मी उठून ओट्यावर बसायचे. हे म्हणायचे, “काहून उठली?” मी म्हणायचे, “दुखते.” एवढंच. दुसरं काय सांगणार?

सहाव्या महिन्याच्या तपासणीत हेच सांगितलं. एक्सरे काढला. सुंदर निघाला. “एक वर्ष द्या, नस शांत होईल.” वर्षाच्या तपासणीत पुन्हा एक्सरे, पुन्हा सुंदर. या वेळी मोठे डॉक्टर घाईत होते. त्यांच्या हाताखालचा पोरगा माझ्या मुलापेक्षा लहान. तो मायेनेच म्हणाला, “काकू, मनातून काढून टाका. गुडघा एकदम ओके आहे.” मी पंचावन्न मुलांच्या वर्गात खोटं पोटदुखीचं सोंग आणि खरी पोटदुखी दारातून ओळखायची. त्या दिवशी मी सोंग करणाऱ्या मुलाच्या जागी उभी होते.

गावात वेगळी गंमत. आमच्या गल्लीतल्या एका बाईने त्याच डॉक्टरांकडे, माझ्या नंतर दोन महिन्यांनी, दोन्ही गुडघे बदलले. ती पुढच्या हंगामात शेतात कापूस वेचणाऱ्या बायांना चहा नेऊन द्यायला लागली. मला तिचा राग यायचा, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही. थोरल्या जाऊबाई दारावरून जाताना थांबून विचारायच्या, “तुवा टोंगया त नवा हाय वो, मंग कायचं दुखते?” त्यांना टोमणा मारायचा नसायचा, खरंच कोडं पडलेलं असायचं. हळूहळू मी ‘बरं आहे’ म्हणायला शिकले. ह्यांनाही तेच सांगायचे, कारण मी ‘दुखते’ म्हटलं की तुरीच्या पैशाचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

२०२३च्या उन्हाळ्यात एका दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलं की सांधा उघडून पुन्हा बसवू. नेमकं काय बिघडलं म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तयार झाले होते, कोणी पाय कापू म्हटलं असतं तरी झाले असते. मुलगा अडून बसला. त्याच्या ओळखीच्या कोणीतरी सांगितलं की वर्ध्याकडे एका मोठ्या दवाखान्यात दुखण्याचीच वेगळी ओपीडी असते, आधी तिथे जा. दुखण्याची ओपीडी! मला वाटलं, बाकीच्या ओपीडीत काय सुखणं घेऊन जातात?

ऑगस्टमध्ये गेलो. तिथल्या मॅडम मूळच्या भूल देणाऱ्या डॉक्टर. मी सवयीने एक्सरे पुढे केला. त्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “कसं दुखते?”

“खूप दुखते.”

“किती ते मग विचारते. कसं दुखते ते सांगा, बाई. तुम्ही शाळेत होत्या न, शब्द तुमच्यापाशी माझ्यापेक्षा जास्त असतील.”

मी गप्प झाले. चौथीच्या वर्गाला समानार्थी शब्द मीच पाठ करून घ्यायचे. पण दीड वर्षात इतक्या दवाखान्यांत मी एकच क्रियापद वापरून आले होते. मॅडमनी पंधरा दिवस दिले. वही करा म्हणाल्या. कधी, कुठे, काय करताना, आणि कसं.

दुरेघी वही होतीच घरात. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘रात्री ११, जळजळ.’ मग लक्ष द्यायला लागले तसं कळलं की हे एक दुखणं नाही. जळजळ निराळी आणि चमक निराळी. चमक विजेसारखी, आली आणि गेली. ठणका म्हणजे दाढेचा किंवा गळवाचा, नाडीच्या ठोक्याबरोबर. तो मला कधीच नव्हता. कळ उठते आणि ओसरते, ती डाव्या, न बदललेल्या टोंगळ्यात होती. उजव्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर, तळहाताएवढं, जणू तो भाग दुसऱ्याच कोणाचा. त्याच्या कडेला मुंग्या. संध्याकाळी सगळ्या गुडघ्याभोवती करकचून दोरी बांधल्यासारखं, त्याला शब्द सापडेना, शेवटी ‘दावं’ असं लिहिलं. ठसठस, सणक, रवरव, सल, तिडीक, आंबणं… एकेक शब्द लावून पाहायचा, बसला तर ठेवायचा. ह्यांनी एकदा वही वाचली आणि म्हणाले, “एवढं सगळं होते तुले? मले त तू बरं हाय सांगत होती.”

मॅडमनी वही नीट वाचली. मग एकेक शब्दावर बोट ठेवत त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच्या कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. ठणका असता, सोबत गुडघा लाल आणि गरम असता, बारीक ताप असता, तर पहिला संशय जंतूंचा. ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं झाली म्हणून तो टळत नाही. खुर्चीवरून उठताना पहिल्या चार पावलांनाच कळ येऊन मग चालता आलं असतं, तर सांधा हाडापासून ढिला झाला का ते बघायचं. जिना उतरताना पुढून दुखलं तर वाटीकडे पाहायचं. पाय चालता चालता दगा देत असेल तर बाजूचे बंध सैल. कधी कधी दुखणं खुब्याचं किंवा कमरेचं असतं आणि लागतं गुडघ्यात, म्हणून त्यांनी मला आडवं पाडून खुबाही फिरवून पाहिला. शब्दांवर विसंबून राहिल्या नाहीत. अंगात कुठे जंतू किंवा सूज आहे का ते कळायला रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी केली, हाडांच्या डॉक्टरांकडून सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं, सिटी स्कॅनमध्ये धातूची टोपी तिरकी फिरली नाही ना ते बघितलं. सगळं ठीक.

“आता तुमच्या गावचा कापूस,” असं म्हणून त्यांनी डब्यातून बोळा काढला, त्याची एक तार ओढली आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर फिरवली. कापूसच. उजव्याच्या बाहेरून फिरवली, काहीच नाही, डोळे मिटले असते तर कळलंही नसतं. मग व्रणाच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली. मी पाय ओढून घेतला. खाजकुहिली लावावी तसं झालं. जन्मभर कापूस हाताळला, उशाला घेतला, वेचून वेचून बोटं फाटली ती बोंडाच्या टोकांनी, कापसाने नाही. त्या दिवशी कापूस मला टोचला.

तिथेच एका ठिकाणी त्यांनी बोटाने टिचकी मारली. नडगीवरून चमक सरसर खाली गेली. रात्रीचीच. “हीच का?” हीच. मग त्या जागेवर त्यांनी भुलीचं बारीक इंजेक्शन दिलं आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. पाच-सात मिनिटांत जळजळ गेली. कमी झाली नाही, गेली. मी पदराचं टोक गुडघ्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. समोर बसलेला माणूस माझ्याकडे बघत होता. मला रडू आलं ते दुखणं थांबलं म्हणून नव्हे, आता ते खोटं ठरणार नाही म्हणून. पाच तासांनी, जांब चौरस्त्याच्या पुढे गाडी आली तेव्हा, भूल उतरली आणि जळजळ परत आली.

गुडघ्याच्या पुढच्या कातडीला जाणारी एक बारीक नस आतून बाहेर, वाटीखालून आडवी जाते. समोरून उभा छेद घेतला की तिच्या फांद्या बहुतेक वेळा कापल्या जातात. टाळणं अवघड आहे, त्यात कोणाची चूक नाही. बऱ्याच जणांना त्याने फक्त बाहेरची बाजू बधिर होते आणि ते विसरूनही जातात. काहींच्या कापल्या टोकाला भरताना गाठीसारखं होतं, आणि ते नको ते निरोप पाठवत राहतं. एक्सरेत हाड आणि धातू दिसतात, नस दिसत नाही.

पण मॅडम म्हणाल्या की माझं सगळं दुखणं तेवढ्या नसेचं नाही. वर्षानुवर्षं टोंगळा दुखत राहिला की पाठीचा कणा आणि मेंदू यांनाच दुखण्याची सवय लागते, आवाज मोठा करून ठेवल्यासारखी. सांधा बदलला तरी तो आवाज आपोआप कमी होईलच असं नाही. हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. शेजारी बसलेले हे एकदम बोलले, “म्हणजे आपल्या झटका मशीनसारखं न?” डुकरांसाठी आम्ही शेताला तार लावली आहे, बॅटरीवरची. कोणी शिवलं की भोंगा वाजतो. पावसाळ्यात ओलं गवत वाढून तारेला टेकलं की डुक्कर नसतानाही रात्रभर वाजत राहतो. मॅडमना झटका मशीन माहीत नव्हतं. ह्यांनी त्यांना पाच मिनिटं समजावलं, बाहेर रांग लागलेली असताना.

गुडघा बदललेल्या पाचांतल्या साधारण एकाला असं कमी-जास्त दुखणं मागे राहतं, हेही तिथेच कळलं. तीन महिन्यांच्या पुढे टिकलं तर त्याला नीट नाव आहे, त्याचा शोध घ्यायचा असतो. ब्रिटनमध्ये आठ दवाखान्यांतल्या ३६३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०२२ साली छापून आला. तीन महिन्यांनी ज्यांचं दुखत होतं त्यांतल्या काहींना प्रशिक्षित फिजिओने बोलावून तासभर तपासलं, कारण शोधून योग्य त्या ठिकाणी पाठवलं आणि वर्षभर फोन करून विचारपूस केली. वर्षाने त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा थोडं कमी होतं. थोडंच. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच: तीन महिन्यांनी त्यांना कोणीतरी स्वतःहून विचारलं.

उपचारांचं सांगायचं तर ते चढ-उतारांचंच झालं. नसेच्या दुखण्याची पहिली गोळी रात्रीची होती. झोप लागली, पण सकाळी डोकं असं गरगरायचं की न्हाणीच्या दारात एकदा भिंत धरली म्हणून वाचले. मात्रा कमी केली, मग गोळी बदलली. दुसरीने तोंडाला कोरड पडायची, ती चालून गेली. मिरचीतल्या तिखटपणाचा अर्क असलेलं मलमही दिलं. भिवापूरच्या मिरचीचा ठेचा खाणाऱ्या घरात हे ऐकून सगळे हसले. पहिला आठवडा मलाच हसू येत नव्हतं. लावल्यावर हात साबणाने धुवायचे हे विसरून एकदा डोळा चोळला, ते वेगळंच. पण तिसऱ्या आठवड्यापासून जळजळीची धार बोथट झाली.

सगळ्यात जास्त काम केलं कापसाने. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, आधी कापूस, तो सोसवायला लागला की जुन्या लुगड्याची मऊ चिंधी, मग टॉवेल, मग खरखरीत चादर. नसेला शिकवायचं की हा स्पर्श आहे, इजा नाही. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं. मला कंटाळा आला नाही, माझा धंदाच तो. जाऊबाई मात्र बघून गेल्या आणि गल्लीत सांगितलं की बाई आता टोंगयाले कापूस लावून बसते.

चालण्याचं फिजिओने बदललं. आधी मी बरं वाटलं त्या दिवशी देवळापर्यंत जायची आणि मग दोन दिवस पडून राहायची. त्याने विजेचे खांब मोजायला लावले. तीन खांब, पुलियावर बसायचं, परत. दुखो न दुखो, तीनच. पुढच्या आठवड्यात चार. बरं वाटलं तरी पाचव्यापर्यंत जायचं नाही, हे सगळ्यात कठीण गेलं. दिवाळीपर्यंत विजेच्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ पोहोचले, ते अकरा खांब होतात. सोबत मांडीचा स्नायू बळकट करायचे व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, दहादा.

पुन्हा ऑपरेशनचा विषय मॅडमनी आणि तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी दोघांनीही बंद केला. जंतू, ढिलेपणा, तिरकेपणा असं ठोस कारण सापडलं तर सांधा पुन्हा करतात. कारण न सापडता नुसत्या दुखण्यासाठी केलं तर बहुधा दुखणं तसंच राहतं, कधी वाढतं.

हे मी २०२५मध्ये लिहिते आहे. वहीत मी दहापैकी आठ लिहायचे, आता तीन-चार लिहिते, ढग आले की पाच. चादर चालते. खाली मांडी घालून बसता येत नाही, महालक्ष्मीच्या पंगतीत मी खुर्चीवर बसते आणि वाढणाऱ्या पोरींना माझ्यासाठी वाकावं लागत नाही याचं त्यांनाच कौतुक. गुडघा टेकून देवाला नमस्कार नाही. बाहेरची बाजू अजून बधिर आहे, ती तशीच राहील म्हणतात.

आणि डावा टोंगळा गेला आहे. कळ, करकर, सकाळी दहा मिनिटं आखडलेला, सगळं जुन्यासारखं, शब्द लावायला वेळ लागला नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, करून टाकू, एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं तसंच होईल असं नाही. ते खरं असेल. मी विचारलं, “तीन महिन्यांनी दुखत राहिलं तर कोणापाशी यायचं?” ते क्षणभर थांबले, मग चिठ्ठीच्या मागे त्यांच्या फिजिओचा नंबर लिहून दिला. वही घेऊन मी मॅडमकडेही जाऊन आले. ऑपरेशनच्या आधीच भेटायला आलेली पेशंट त्यांनी क्वचित पाहिली असावी. त्यांनी गोळी कधी सुरू करायची, कुठे काय होतंय ते कसं लिहायचं, सगळं ठरवून दिलं.

तरी अजून होकार दिला नाही. काल रात्री ह्यांना म्हटलं, काय करू? भोंगा वाजत होता, हे बॅटरी घेऊन निघाले होते.

“तुरी निघू दे,” ते चपला शोधत म्हणाले, “मंग पाहू.”